तळ्याचे पाणी सोडताना खालच्या विहिरीकडे बघा!

मत्स्यशेतीचे घाण पाणी झाडांच्या मदतीने शेतीच्या कामाला कसे आणता येईल?

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरामागे मोरीचे पाणी जिथे पडते, तिथे काय लावले आहे? बहुतेकांच्या घरी अळू असेल, नाहीतर केळीचे दोन खुंट किंवा कर्दळ असेल. आपल्या आज्या-पणज्यांनी कोणते शास्त्र वाचले नव्हते, पण मोरीच्या पाण्यावर अळू माजते आणि तिथे घाण साचत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्याचे मूळ याच परसातल्या अळवात आहे. फरक एवढाच की, मोरीऐवजी मासळीचे तळे आहे आणि बादलीभर पाण्याऐवजी लाखो लिटर पाणी आहे.

गेल्या काही वर्षांत गावोगाव शेततळी झाली. त्यांत कोणी रोहू, कटला, मृगळ सोडले, तर कोणी पंगस. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली आणि अंगणात बायोफ्लॉकच्या टाक्याही दिसू लागल्या. २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. हे सगळे चांगलेच झाले. पण मासळी काढल्यावर तळ्यातले पाणी कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. ते ओढ्यात जाते. ओढ्याच्या काठी कोणाची तरी विहीर असते, आणि पुष्कळदा ती गावाच्या नळयोजनेचीच असते. मग एके दिवशी बांधावर खालचा शेजारी उभा राहतो. "अण्णा, पाण्याला वास कसला येतोय हो?" तिथून जी बोलाचाली सुरू होते, ती कधी ग्रामपंचायतीत, कधी तहसीलला, तर कधी कोर्टात जाऊन थांबते.

ही पाळी येऊ नये म्हणून काय करता येईल, ते बघू.

पाण्यात नेमके काय असते?

आधी हिशेब मांडू. मासळीच्या खाद्यात साधारण २८ टक्के प्रथिने असतात. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा नत्र असतो. म्हणजे एक टन खाद्यात सुमारे ४५ किलो नत्र तळ्यात जाते. मासा त्यातला पाव ते एक तृतीयांश हिस्सा अंगी लावतो. बाकीचे ३० किलो किंवा त्याहून थोडे अधिक नत्र विष्ठा, लघवी आणि न खाल्लेल्या खाद्याच्या रूपाने पाण्यात आणि तळाच्या गाळात राहते. ३० किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या साधारण दीड गोणी युरियाइतके! तुम्ही टनभर खाद्य टाकता तेव्हा दीड गोणी युरियाही तळ्यात ओतत असता, असेच समजा. याशिवाय स्फुरद असतो, तो वेगळाच.

हे नत्र पाण्यात आधी अमोनियाच्या रूपात येते. अमोनिया माशाला विषारी आहे, पण तो किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७ असताना एकूण अमोनियात विषारी भाग शंभरात जेमतेम एक असतो. सामू ९ झाला की तोच भाग तिसऱ्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत जातो. हिरव्यागार तळ्यात कडक उन्हाच्या दुपारी सामू असा चढतो. सकाळी ठीक दिसणारी मासळी दुपारनंतर पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. (पहाटे धापा टाकत असेल तर प्राणवायू कमी पडला आहे, हे ओळखावे.)

पुढे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसा त्रास देत नाही, पण जमिनीतून झिरपत विहिरीत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्यापुढे गेले की धोका असतो तो मुख्यतः वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. विहिरीत उतरलेले नायट्रेट रंगाने, वासाने किंवा चवीने कळत नाही. तेव्हा शेजारी वासाची तक्रार घेऊन आला, तर त्याच्यावर रागावू नका. निदान वास तरी आला. ज्याचा वास येत नाही, ते जास्त वाईट आहे.

झाडे काय करतात आणि काय करत नाहीत

झाड पाणी 'पिऊन' स्वच्छ करते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पाणवनस्पतींच्या पट्टीतून पाणी सावकाश वाहिले की चार गोष्टी घडतात. पहिली, पाण्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. दुसरी, मुळांवर, खोडांवर आणि दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. हे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. तिसरी, तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधले नत्र वायुरूपाने हवेत सोडून देतात. चौथी, झाड स्वतः नत्र आणि स्फुरद घेऊन वाढते.

म्हणजे निम्मे काम जिवाणूंचे आहे आणि झाड हे त्यांचे घर आहे. जर्मनीत कॅटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात पाणगवतावर सांडपाण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे जगभर झाडांच्या अशा वाफ्यांचे तंत्र पसरले, त्याची सुरुवात तिथली.

पण चौथ्या गोष्टीत एक मेख आहे. झाडाने घेतलेले नत्र झाडातच असते. झाड कापून बाहेर नेले नाही, तर ते तिथेच कुजते आणि सगळे पुन्हा पाण्यात येते. 'लावले आणि विसरले' असे केले, तर पहिल्या वर्षी पाणी स्वच्छ होते आणि तिसऱ्या वर्षी पट्टीच घाण करू लागते. कापणी हाच या पद्धतीचा प्राण आहे.

कोणती झाडे लावावीत?

पाणकणीस, म्हणजे आपला रामबाण, ओढ्याकाठी सगळीकडे दिसतो. फूटभर पाण्यात उभा राहतो आणि मुळांतून चिखलात प्राणवायू पोहोचवतो. मात्र तो फोफावतो, म्हणून वर्षातून दोनदा कापावा आणि पट्टीच्या बाहेर जाऊ देऊ नये.

कर्दळ खडीच्या वाफ्यात उत्तम येते. वाढ जोमाची आणि कापली की पुन्हा फुटते. अळू ओलीच्या कडेला लावावे, केळी बांधावर.

वाळ्याची मुळे खोल जातात. बांबूच्या तराफ्यावर बांधून पाण्यावर तरंगता ठेवला, तर मुळे सरळ पाण्यात लोंबतात. नाळीची भाजीही अशा तराफ्यावर झपाट्याने वाढते.

डकवीड ही पाण्यावर तरंगणारी, टिकलीएवढ्या पानांची वनस्पती. चांगले खत-पाणी मिळाले की दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. सुकवल्यावर तिच्यात २० ते ४० टक्के प्रथिने भरतात. गवत्या मासा, बदके, कोंबड्या ती आवडीने खातात. बांगलादेशात मिर्झापूर येथील कुमुदिनी रुग्णालयाचे सांडपाणी १९९० च्या सुमारास डकवीडच्या तळ्यातून फिरवायला सुरुवात झाली आणि काढलेले डकवीड कार्प माशांना घातले गेले. आपल्या देशात भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सांडपाण्यासाठी आधी डकवीडची तळी आणि मग मासळीची तळी, अशी रचना उभी केली. म्हणजे घाणीचे खाद्य आणि खाद्याची मासळी!

आता ॲझोलाविषयी. दुभत्या जनावरांसाठी ॲझोला करणारे बरेच जण आहेत आणि 'ॲझोलाच सोडतो की!' असे त्यांच्या मनात लगेच येईल. ॲझोला स्फुरद चांगला खाते. पण तिच्या पानात राहणारे शेवाळ हवेतून नत्र घेते. ज्याच्या घरी पोते भरलेले आहे, तो दुसऱ्याचे कशाला मागेल? पाण्यातले नत्र कमी करायचे असेल, तर ॲझोलावर भिस्त ठेवू नका.

आणि जलपर्णी? नत्र घेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, हे खरे. पण पंचगंगेत, इंद्रायणीत, उजनीच्या फुगवट्यात तिने काय केले ते आपण बघतोच आहोत. ओढ्यात एक रोप सुटले, तर सगळ्या गावाला निस्तरावे लागते. तिच्या वाटेला जाऊ नका.

दहा गुंठ्यांच्या तळ्याचा हिशेब

समजा, तुमचे तळे दहा गुंठ्यांचे आहे आणि पाणी सरासरी दीड मीटर खोल आहे. म्हणजे १५ लाख लिटर पाणी. रोज पाच टक्के पाणी बदलायचे ठरवले, तर ७५ हजार लिटर बाहेर निघेल. हे पाणी झाडांच्या पट्टीत निदान दोन दिवस थांबले पाहिजे. म्हणजे पट्टीत एका वेळी दीड लाख लिटर मावले पाहिजे. पाण्याची खोली अर्धा मीटर धरली, तर ३०० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे तीन गुंठे. खडीचा वाफा केला, तर खडीच जागा खाते, त्यामुळे क्षेत्र आणखी वाढते.

"दहा गुंठ्यांना तीन गुंठे? परवडत नाही!" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. म्हणूनच आधी दोन गोष्टी करा. पहिली, खाद्य मोजून द्या. ट्रेमध्ये किती उरते ते रोज बघा. वाया गेलेले खाद्य म्हणजे पैसा गेला आणि वर घाण झाली. दुसरी, पाणी ओढ्यात सोडायचेच नाही, पिकाला द्यायचे. सुरू उसाला एकरी साधारण १०० किलो नत्र लागते. तुमच्या तळ्यातल्या ३० किलोंपैकी काही हवेत जाते, काही गाळात बसते. पण जे हाती येते ते पाण्याबरोबर फुकट येते.

मासळी काढताना तळे एका रात्रीत रिकामे करण्याची घाई असते. तिथेच चूक होते. वरचे चार हिस्से पाणी तुलनेने निवळ असते. ते १२ लाख लिटर भरते. एकरभर उसाला साडेसात सेंटिमीटरच्या चार पाळ्या होतील एवढे! एप्रिल-मे महिन्यात हे पाणी ओढ्यात सोडणाऱ्याला काय म्हणावे? आठ-दहा दिवस आधीपासून थोडे थोडे काढून शेतात घ्या. ठिबकला लावणार असाल तर आधी गाळणी बघा, शेवाळाने नळ्या तुंबतात.

तळाचा शेवटचा पाचवा हिस्सा मात्र खरा गढूळ असतो. जाळे ओढताना तळ ढवळतो आणि सगळा गाळ त्यात उतरतो. हे तीन लाख लिटर पाणी झाडांच्या पट्टीतून न्या. वरच्या हिशेबाने रोज ७५ हजार लिटर, म्हणजे चार दिवसांत काम होते.

डकवीडचेही गणित मांडून बघा. चांगल्या निगराणीत हेक्टरी वर्षाला १० ते २० टन सुके डकवीड मिळते. मधला आकडा धरला, तर तीन गुंठ्यांत साडेचारशे किलो. त्यातून २० किलोंच्या आसपास नत्र बाहेर पडते. ओले वजन धरले, तर हे रोजचे सुमारे २० किलो डकवीड झाले. रोज पाटीभर काढायची तयारी असेल तरच हा आकडा खरा. नाहीतर तो कागदावरच राहील.

रचना कशी करावी?

उतार बघा. पाणी आपोआप वाहिले पाहिजे, पंप लावला की खर्च वाढला. आधी एक खोल खड्डा, ज्यात गाळ बसेल. हा गाळ वर्षातून एकदा काढून शेणखतात मिसळा. खड्ड्याशिवाय थेट पट्टीत पाणी सोडले, तर मुळे आणि खडी गाळाने तुंबतात आणि दोन वर्षांत पट्टी बंद पडते. खड्ड्यानंतर झाडांची लांबट पट्टी. तिच्यात आडवे बांध नागमोडी घाला, नाहीतर पाणी सरळ मधून पळते आणि कडेची झाडे शोभेची राहतात. जवळ विहीर असेल, तर पट्टीच्या तळाला चिकणमाती धुमसा किंवा प्लॅस्टिक अंथरा.

डासांसाठी पट्टीत गप्पी मासे सोडा. पावसाळ्यात वरचे पाणी पट्टीत शिरू नये म्हणून वळणाचा चर काढा. थंडीत झाडांची आणि जिवाणूंची कामे मंदावतात, त्या दिवसांत पाणी कमी सोडा.

तळ्यात औषध टाकले असेल, तर ते पाणी लगेच पट्टीत सोडू नका. जंतू मारणारे औषध पट्टीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते. अशा वेळी पट्टीतले अळू किंवा नाळीची भाजी खाण्यासाठी काढू नका. बांधावर नेपियर किंवा पॅरा गवत करत असाल, तर एक लक्षात ठेवा. नत्र जास्त झालेल्या कोवळ्या गवतात नायट्रेट साठते. ते इतर वैरणीत मिसळून द्या, उपाशी जनावरासमोर एकदम टाकू नका.

बायोफ्लॉकवाल्यांनाही दोन शब्द. टाकी लहान म्हणून पाणीही थोडेच, असे समजू नका. ते पाणी दाट असते. गाळ बसवून वरचे पाणी केळीला, गाळ खताच्या खड्ड्यात, एवढे तरी करा.

झाडांच्या भरवशावर किती राहावे?

किनाऱ्यावरचा अनुभव इथे उपयोगी आहे. १९९० च्या दशकात देशाच्या किनाऱ्यावर कोळंबीचे प्रकल्प उभे राहिले. विहिरी खारट झाल्या, भातशेती बिघडली, अशा तक्रारी गावोगावहून आल्या. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पाहणीचा आधार घेऊन ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातील अशा कोळंबी प्रकल्पांविरुद्ध निकाल दिला. पारंपरिक पद्धती त्यातून वगळल्या होत्या. पुढे २००५ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धनासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला.

त्या काळात 'खाडीत तिवरे-कांदळ आहेत, ती सगळी घाण गाळतात' असे म्हटले जाई. १९९५ मध्ये रॉबर्टसन आणि फिलिप्स या दोन अभ्यासकांनी त्याचा हिशेब मांडला. एक हेक्टर कोळंबी तळ्याचे पाणी गाळायला, तळे किती दाट आहे त्यानुसार, २ ते २२ हेक्टर कांदळवन लागेल! आणि पुष्कळ ठिकाणी तळ्यांसाठी कांदळवनच तोडले गेले होते.

आंध्रात कोल्लेरू सरोवराचेही तेच झाले. कृष्णा आणि गोदावरीच्या मुखांमधले हे गोड्या पाण्याचे मोठे सरोवर. त्याच्या पात्रातच बांध घालून मासळीची तळी झाली. पाणगवताचा पट्टा गेला आणि तळ्यांचे पाणी मात्र सरोवरातच येत राहिले. अखेर २००६ मध्ये सरकारला मोहीम काढून ते बांध फोडावे लागले. ज्यांनी कर्ज काढून तळी केली होती, त्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको. गाळणी मोडून तळे बांधू नये, एवढा धडा त्यातून घ्यायचा. आपल्याकडे ओढ्याकाठचा रामबाण 'स्वच्छता' म्हणून जेसीबीने साफ करतात, तेव्हा हीच चूक होते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक (कागदोपत्री आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्यासाठी तीन कामे. पहिले, गावातली मासळीची तळी आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी एका नकाशावर मांडा. कोणते पाणी कुठे उतरते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर ठाऊक असते. दुसरे, जलजीवन मिशनच्या तपासणी संचाने या विहिरींचे नायट्रेट बघा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, आणि आकडा वहीत लिहा. गावात पाणी तपासायला शिकलेल्या महिला आहेत, त्यांना हे काम सांगा. तिसरे, मासळी काढण्याच्या आधी तळेवाला आणि खालचे शेतकरी यांना एकत्र बसवा. कोणाच्या शेताला किती पाळ्या द्यायच्या, हे ठरले की ज्या पाण्यावरून भांडण व्हायचे, त्याच पाण्यासाठी नंबर लागतील.

तळ्याची आखणी करण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आपली जमीन, उतार आणि माशांची संख्या सांगा. वर दिलेला हिशेब हा अंदाज घेण्यासाठी आहे. प्रत्येकाची माती आणि पाणी वेगळे.

आणि लगेच तीन गुंठ्यांची पट्टी जमत नसेल, तर लहान सुरुवात करा. गाळाचा एक खड्डा खणा, त्याच्या तोंडाशी कर्दळ आणि अळू लावा, पुढचे पाणी केळीला द्या. एक हंगाम बघा. खड्ड्याच्या आधीचे आणि शेवटचे पाणी काचेच्या दोन बाटल्यांत भरून खिडकीत शेजारी-शेजारी ठेवा. गाळाचा फरक डोळ्यांना दिसेल, नायट्रेटचा फरक मात्र तपासणी संचच सांगेल. दोन्ही बघितल्यावर खालच्या शेजाऱ्यालाही घरी चहाला बोलवा आणि बाटल्या दाखवा. त्याच्या विहिरीचे पाणी त्याची नातवंडे पितात आणि उद्या तुमच्या वरच्या अंगाला दुसऱ्या कोणाचे तळे झाले, तर तुमचीही पिणार आहेत.